दुसऱ्या दिवशी ती कुठं गेली?

अंबरनाथला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी दुपारी दहा-बारा बाया जमतात. वंदना झाली की पुस्तक उघडायचं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्यांचे हात रिकामे नसतात. कुणी लसूण सोलते, कुणी जीन्सच्या पँटींचा गठ्ठा सोबत आणते आणि सुटे धागे कापत बसते. हे गठ्ठे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून येतात. नगावर पैसे. कात्री चालू आणि कान पुस्तकाकडे, अशी आमची साहित्यसभा.

एका रविवारी बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचत होतो. सासरहून पळालेल्या पोरीला धरून आणतात आणि तिच्या पायात लाकडाचा खोडा घालतात, ते पान आलं. वाचणारीचा आवाज बसला. कात्र्या थांबल्या. बदलापूरहून एक बाई येते. सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "मंग दुसऱ्या दिवशी ती कुठं गेली?"

वाचणारी म्हणाली, "ते नाही लिहिलेलं."

"मंग अर्धंच लिहिलं की."

मी दलित साहित्यावरची समीक्षा गेली कित्येक वर्षं वाचते आहे. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द मला पाठ आहेत. परिसंवादांत मांडी घालून बसले आहे, चहा पिऊन आले आहे. पण या बाईनं विचारला तो प्रश्न मी कुठल्याच समीक्षकाच्या तोंडून ऐकला नाही. मार खाल्लेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाते? तिच्या हातात काय असतं? दार कोण उघडतं? आपलं साहित्य मारापर्यंत येतं आणि थांबतं. आपली समीक्षा तर तिथवरही येत नाही. ती गावकुसाबाहेर येते, पाणवठ्यावर येते, पण चुलीपाशी आली की चपला घालून परत फिरते.

हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

बेबीताईंपासूनच सुरू करू. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यात 'मी' फार थोडी आहे. 'आम्ही' आहे. महारवाड्यातल्या सुना, सासवा, बाळंतिणी, अंगात येणाऱ्या बाया, भुकेनं कळवळणारी पोरं, सगळ्यांचा मिळून एक आवाज आहे. सासू सुनेला कशी छळते, नवऱ्याचे कान कसे भरते, बाईचं नाक कापण्यापर्यंत मजल कशी जाते, हे बेबीताईंनी झाकलं नाही. जातीनं जे आपल्याला केलं तेच आपण घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाला केलं, हे त्या स्वच्छ सांगतात. स्वतःच्या समाजाकडं असं बघायला छाती लागते.

पण त्यांना स्वतःला नवरा मारत होता, हे त्या पुस्तकात नाही.

ते बाहेर आलं २००८ साली. माया पंडितांनी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्यासोबत बेबीताईंची मुलाखत छापली. त्यात त्या बोलल्या. सभेसाठी मुंबईला जाताना गाडीच्या डब्यात पोरांनी बघितलं, एवढ्या संशयावरून नवऱ्यानं नाकातून रक्त येईस्तोवर मारलं. आणि त्या लिहीत कशा होत्या? फलटणच्या दुकानात बसून, माल बांधायच्या रद्दी कागदावर, कुणाला दिसू नये असं. वीस वर्षं ते लिखाण लपवून ठेवलं. हे पुस्तक मध्येच का थांबतं ते आता कळेल. ज्याच्याविषयी लिहायचं तोच घरात होता. कागद त्याच्यापासूनच लपवायचा होता. सगळंच लिहिलं असतं तर कदाचित काहीच उरलं नसतं.

स्वतःवरच्या मारावर का लिहिलं नाही, यावर बेबीताईंचं म्हणणं असं की सगळ्याच बायांचं तसं होतं, त्यात आपलं काय वेगळं सांगायचं. आमच्या समीक्षकांनी हे ऐकलं आणि माना डोलावल्या. वा, काय त्याग! समाजासाठी बाईनं आपलं दुःख बाजूला ठेवलं! मला ही शाबासकी खपत नाही. बाईनं तोंड मिटलं की तिला त्यागाची पदवी द्यायची, ही तर मनूचीच रीत. बेबीताई थोर आहेत त्या गप्प राहिल्या म्हणून नव्हे. गप्प राहावं लागत असताना त्यांनी बाकी सगळ्या बायांचं लिहून ठेवलं म्हणून. आणि फलटणजवळ निंबुऱ्याला आश्रमशाळा काढून दुसऱ्यांच्या पोरांना छप्पर दिलं म्हणून. ज्या बाईला घरात लिहायला कोपरा नव्हता तिनं परक्या पोरांना वाढायला, शिकायला जागा केली. बदलापूरच्या बाईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शाळेत आहे, पण ते पुस्तकात शोधून मिळत नाही.

दुसरं पुस्तक मलिका अमर शेख यांचं, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', १९८४ सालचं. शाहीर अमर शेखांची लेक, पँथरच्या नेत्याची बायको आणि स्वतः कवयित्री. तिनं काही लपवलं नाही. घर, आजार, मार, दारू, रिकामे डबे, दाराशी कार्यकर्त्यांची रांग, सगळं नावानिशी सांगितलं. बेबीताईंनी 'आम्ही' म्हणून लिहिलं, मलिकानं 'मी' म्हणून. आणि आमच्यातले कित्येक अजून विचारतात, हे आताच कशाला काढलं? चळवळीचं नाव खराब नाही का झालं?

मी उलट विचारते. चळवळीचं नाव मारण्यानं खराब झालं की सांगण्यानं? रस्त्यावर जो माणूस आम्हाला माणूस म्हणून जगायला शिकवतो, त्याच्या घरात बाई माणूस नसेल तर ते सांगणारी बाई चळवळीची वैरी कशी? तिनं चळवळीचा हिशेब चोख ठेवला, एवढंच. नेत्याच्या कवितेचं मोठेपण मी नाकारत नाही. ती कविता मराठीतून कुणी काढू शकत नाही. पण कवितेचं मोठेपण घरातल्या बाईच्या पाठीवर घालायचं मलम नव्हे.

या पुस्तकात दुसरा दिवस येतो. जाणं येतं, परत येणं येतं. बाई परत का जाते, असं लोक हेटाळून विचारतात. त्यांनी हे पुस्तक वाचावं. पोर कुणाचं, खर्च कुणाचा, खोली कुणाच्या नावावर, या तीन प्रश्नांची उत्तरं नसली की शिकलेली, नावाजलेली, आधुनिक बाईसुद्धा परत जाते. मग पाच नंबर कॅम्पात धागे कापणारीनं काय करावं?

दया पवारांच्या 'बलुतं'चाही उल्लेख केला पाहिजे. १९७८ सालच्या त्या पुस्तकात दगडूनं सईवरचा संशय आणि तिच्यापासून तुटणं सांगितलं आहे. पुरुषानं स्वतःच्या हातून झालेलं असं मांडणं सोपं नव्हतं, आणि ते आपल्या आत्मकथनांत फार जणांनी केलंही नाही. पण समीक्षेनं त्यातून काय उचललं? दगडूची घुसमट, दगडूचं दुभंगलेपण. सईच्या घुसमटीवर एखादा परिच्छेद लिहिलेला मी शोधते आहे.

आता आमच्या शेजारच्या कल्याणची एक गोष्ट. ही लिहिलेली कमी आणि बोललेली जास्त आहे, पण तिचं इतकं सांगणं झालं आहे की तिच्यावर समीक्षा झालीच पाहिजे. कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या पोलीस शिपायाची मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासर, तिथं उपासमार आणि मार. सहा महिन्यांनी बाप भेटायला आला, त्याला पोर ओळखू येईना. त्यानं तिला तिथून उचलून घरी नेलं. गावानं टोमणे मारून जगणं नकोसं केलं. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचली. सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबईला आली आणि होजिअरीच्या कारखान्यात लागली. पुढं कल्याणला राहणं, शिलाई, सरकारी योजनेतलं पन्नास हजारांचं कर्ज, फर्निचरचं दुकान, बांधकाम. २००६ साली बुडीत निघालेल्या कमानी ट्यूब्ज कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. २०१३ साली पद्मश्री.

ही गोष्ट आता शाळेत, सभेत, टीव्हीवर, जयंतीच्या व्यासपीठावर सांगतात. कशी सांगतात? दोन रुपये रोजापासून कोट्यवधींपर्यंत! जिद्द असेल तर सगळं होतं! पोरी टाळ्या वाजवतात. आमच्या विहारातही एका पाहुण्यानं ही गोष्ट अशीच सांगितली. तो गेल्यावर धागे कापणारी म्हणाली, "माझ्यात जिद्द नाही म्हणायचं का मग?"

त्या बाईची जिद्द मी बघितलेली आहे. पहाटे चारला नळाला उभी राहते. जिद्दीवर भागलं असतं तर ती एव्हाना टाटा झाली असती.

दोष कल्पनाताईंचा नाही. दोष गोष्ट सांगणाऱ्यांच्या कात्रीचा आहे. त्यांनी दोन टोकं ठेवली आणि मधलं कापून टाकलं. त्या मधल्यातच सगळं आहे. नीट बघा. एक, बाप. हजारो बाप लेकीला म्हणतात, दिल्या घरी सुखी राहा. हा बाप म्हणाला, चल. त्याच्या अंगावर पोलिसाची वर्दी होती म्हणून सासरचे थोडे दबलेही असतील. दोन, कारखान्यातलं पहिलं काम. पोरगी भेदरलेली होती. शिवण येत असून मशीनवर बसवलं तर पाय चालेना. मग तिला धागे कापायला बसवलं, दोन रुपये रोज. म्हणजे मार खाऊन आलेल्या पोरीचे हात कापतात, ती पहिल्या दिवशी मशीन चालवू शकत नाही, आणि तिला मशीनवर बसण्याआधी धागे कापत बसायला काही दिवस मिळाले. तीन, कर्ज. दलितांसाठी, गरिबांसाठी सरकारनं ठेवलेली योजना, म्हणजे चळवळीनं लढून मिळवलेली गोष्ट. आणि चार, त्यांनी पुढं स्वतः शिकलेल्या बेकार पोरापोरींना अशा योजनांची माहिती मिळावी म्हणून संघटना काढली. आपल्याला जे दार सापडलं ते दुसऱ्यांना दाखवलं.

बाप, धागे कापायचं काम, सरकारी कर्ज, आणि दार दाखवणारं माणूस. एवढं वगळून फक्त 'जिद्द' सांगितली की गोष्ट प्रस्थापितांच्या सोयीची होते. कुणाला काही द्यायला नको, कुणाची चूक काढायला नको. जी वर आली ती जिद्दीची, जी मेली ती आळशी. हे कर्मविपाकाचंच नवं रूप आहे. बाबासाहेबांच्या लेकरांनी ते टाळ्या वाजवून ऐकावं?

कमानीचीही तीच गत. त्या कारखान्यासाठी कामगार किती वर्षं झगडले! १९८८ साली सुप्रीम कोर्टानं कंपनी कामगारांच्या ताब्यात देण्याची योजना मान्य केली होती. पुढं ती पुन्हा कर्जात बुडाली, आणि मदत मागायला कामगारच कल्पनाताईंकडं गेले. पण गोष्टीत कामगार नसतात. एकच बाई आणि एकच नशीब.

आता ही मधली जागा आमच्या भागात कशी असते ते सांगते. बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल.

उल्हासनगर म्हणजे मूळची लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांना तिथल्या बराकींत ठेवलं. १९४९ साली त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. लोक अजून पत्ता सांगताना कॅम्पाचा नंबरच सांगतात. घर गमावलेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव. पापड लाटून, कापड शिवून, फर्निचर ठोकून ती उभी राहिली. त्यांच्यातल्या बायांनी बराकींत पापड लाटले म्हणून चुली पेटल्या. मग त्यांच्या गाळ्यांवर कामाला आमचे लोक आले, मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून. इकडं अंबरनाथला विम्कोची काडेपेटी, आयुध निर्माणी, एमआयडीसी. विम्को बंद पडली, बापे घरी बसले, आणि घरात बसलेल्या बाप्याचा राग कुणावर निघतो ते सांगायला नको. बदलापूर तर आता टॉवरनी भरलं. मुंबईत घर परवडत नाही तो तिकडं सरकतो. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात उभं राहा. पावडरखाली झाकलेला डोळा तुम्हाला रोज दिसेल. कुणी विचारत नाही. जागा मात्र सरकून देतात.

अशा गावात मार खाल्लेली बाई घराबाहेर पडली तर तिला काय लागतं? भाषण लागत नाही. खोली लागते, आणि खोलीला डिपॉझिट लागतं. एकट्या बाईला खोली द्यायला मालक तयार लागतो. पहिल्या आठवड्याला घरबसल्या करता येईल असं काम लागतं, कारण अंग ठणकत असतं आणि पोर सोबत असतं. धागे, पापड, लसूण. रेशनकार्ड लागतं आणि ते नवऱ्याच्या नावावर असतं. पोराच्या शाळेचा दाखला लागतो. आणि चौकीवर सोबत येणारी बाई लागते. हिची तर सगळ्यांत जास्त गरज.

मी नऊ वर्षं मार खाल्ला. दहाव्या वर्षी चौकीवर गेले. कुठली चौकी ते सांगत नाही. तिथल्या माणसानं आधी माझं आडनाव विचारलं. मग म्हणाला, तुमच्यात असंच चालतं, जा घरी. म्हणजे घरात बाई म्हणून मार आणि चौकीत जात म्हणून हकालपट्टी. सवर्ण बाईच्या पाठीशी निदान 'घराण्याची अब्रू' नावाचं काहीतरी असतं, मग ते खोटं का असेना. आमच्या पाठीशी 'तुमच्यात असंच'. आमच्या बाया म्हणूनच तक्रार करत नाहीत. आणि आपले विचारवंत म्हणतात, आपल्या समाजात बाईला जास्त मोकळीक आहे!

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला घेऊन पुन्हा गेले. तिचंही आडनाव तेच होतं, पण आम्ही दोघी होतो. तक्रार घेतली. दोन बाया गेल्या की एकीचं म्हणणं कागदावर येतं, हे मी त्या दिवशी शिकले. आज आमच्या विहारातली कुठलीही बाई एकटी चौकीवर जात नाही.

कायदे आहेत. नाहीत असं नाही. १९८३ साली ४९८अ कलम आलं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच बायांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे चौकीत आपलं माणूस बसवलं. घरगुती हिंसाचाराचा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात एक फार मोठी गोष्ट आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. 'निघ माझ्या घरातून' हे वाक्य त्या दिवसापासून बेकायदा झालं. आमच्या वाचनात एकदा गोष्टीऐवजी हा कायदा वाचला. धागे कापणारी म्हणाली, "हे पुस्तक चांगलंय."

मी त्याला टीका म्हणते. इतकी नेमकी टीका मला छापील समीक्षेत सापडली नाही.

आणि तरीही बाया बोलत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायांपैकी शंभरातल्या सत्याहत्तर जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागितली ती फक्त चौदा जणींनी. बेबीताई त्या सत्याहत्तरांतल्या होत्या, पाऊणशे वर्षांच्या होईपर्यंत. मीही नऊ वर्षं त्यांतलीच. त्या नऊ वर्षांत मी कविता लिहीत होते बरं! छापून येत होत्या. गावच्या विहिरीवर, आजोबांच्या झाडूवर, दीक्षाभूमीवर. रात्री पाठ शेकायची आणि सकाळी 'आम्ही पेटून उठू' लिहायचं. संपादक म्हणायचे, ताई, काय आग आहे! आग कशाची होती ते त्यांना कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. म्हणून दुसऱ्यांना दोष देताना माझं नाव मी पहिल्या ओळीत घालते.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. शाळेत लहान लेकरांवर अत्याचार झाला होता. दिवसभर गाड्या बंद. त्यांचा संताप खरा होता, योग्यच होता. पण संध्याकाळी घरी जाताना मला वाटत राहिलं, आज रुळांवर उभ्या राहिलेल्या घरांपैकी किती घरांत रात्री भांडी आपटतील? बाहेरच्या राक्षसासाठी सगळं गाव उठतं. घरातल्यासाठी शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

एक आक्षेप येणार, तो मीच मांडते. घरातलं बाहेर काढलं की सवर्ण हसतील, आधीच आपल्याला कमी का नावं ठेवतात! हे मला माझ्या सख्ख्या भावानं ऐकवलं आहे. त्याला मी नागपूरची आठवण करून दिली. २० जुलै १९४२. दलित महिलांची परिषद, पंचवीस-एक हजार बाया. बाबासाहेब तिथं म्हणाले की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याशी मैत्रिणीच्या नात्यानं, बरोबरीनं उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. ते हे उघड्या मैदानात बोलले. सवर्ण हसतील म्हणून दार लावून बोलले नाहीत. आणि हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. ज्याच्या नावानं आपण लिहितो त्यानं बाईच्या हक्काचं चव्हाट्यावर आणलं. मग आपण कुणाची अब्रू झाकतो आहोत?

मग समीक्षेनं करायचं काय? 'चार भिंतींतलं वास्तव' असा एखादा नवा शब्द काढून परिसंवाद भरवू नका. मी फक्त तीन प्रश्न मागते. यापुढं कुठलंही आत्मकथन, कथा, कविता, व्यासपीठावरची यशोगाथा हातात आली की ते विचारा.

मार सांगितला आहे का? मारणाऱ्याचं नातं सांगितलं आहे का, की 'परिस्थिती'नं मारलं म्हणून सोडून दिलं आहे?

दुसऱ्या दिवशी ती कुठं गेली, हे सांगितलं आहे का? खोली कुणी दिली, पोर कुणी सांभाळलं, पहिला रुपया कुठून आला?

आणि ती सावरल्यावर तिच्या दारात दुसरी कोण आली? तिचं तिनं काय केलं?

पहिला प्रश्न धाडसाचा आहे, दुसरा प्रामाणिकपणाचा, तिसरा चळवळीचा. या तिन्हींवर घासून बघितलं तर आपली कित्येक गाजलेली पुस्तकं अर्धी निघतील. निघू देत. अर्धी म्हणजे खोटी नव्हेत. उरलेलं अर्धं लिहायला जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं तेव्हा त्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायांपुढं बसल्या आणि विचारलं. विचारलं की बाया सांगतात. त्यांना आजवर विचारलंच नव्हतं.

आम्ही विहारात एक वही घातली आहे. ज्या बाईला लिहिता येतं ती स्वतः लिहिते, जिला येत नाही तिचं दुसरी लिहून घेते. नाव घालत नाही. मारावर एक पान आणि दुसऱ्या दिवसावर तीन पानं, असा नियम केला आहे. पहिल्या पानावर बाया रडतात. पुढच्या तीन पानांवर भांडतात, की खोलीवाल्याला डिपॉझिट द्यायला नको होतं, की तो दाखला असा नाही तसा काढायचा, की त्या गाळ्यावर जाऊ नको, शेठ पैसे बुडवतो. ही भांडणं मी कुठल्याही चर्चासत्रापेक्षा मोलाची मानते. एकीचं दुःख तिथं दुसरीच्या कामाला येतं.

बदलापूरच्या त्या बाईचं पान परवा आलं. तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं. तिच्या पायात खोडा नव्हता. दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं खिडकीतून दोन भाकरी दिल्या आणि तिसऱ्या दिवशी कुलूप तोडायला माणूस आणला. म्हातारी आता नाही. तिचं नाव घाल म्हणाली. वहीत नावं घालत नाही, म्हणून मी घातलं नाही. पण दोन भाकरी आणि कुलूप तोडणारा माणूस, एवढं ठळक लिहिलं.

"आता पुरं झालं का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आता माझी सूनबाई वाचंल. पुढचं तिच्या पोरीला ठावं राहील."